ला पुश: गाव टेकडीवर चढतंय

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं पोर्ट एंजेलिस शहर मागे पडलं की १०१ नंबरचा हायवे जंगलात शिरतो. फोर्क्स गावाच्या अलीकडे उजवीकडे वळायचं आणि रस्ता संपेपर्यंत जायचं. तिथे पॅसिफिकला अगदी चिकटून आहे ला पुश, क्विल्यूट या मूळनिवासी जमातीचं गाव.

धक्क्यावर मासेमारीच्या बोटी आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या थप्प्या. पुळणीवर वाहून आलेले ओंडके उन्हा-खाऱ्यानं हाडासारखे पांढरे पडलेत, आणि काही इतके जाड की पलीकडे बसलेला माणूस दिसू नये. नदीच्या मुखाशी आ-का-लात हे झाडांनी भरलेलं कातळाचं बेट. पूर्वी शत्रू चालून आला की सगळं गाव त्यावर चढून आसरा घेई. मुखियांना अखेरचा निरोपही तिथेच देत. बाहेरच्यांनी तिथे जायचं नसतं.

१८८९ साली सरकारनं या लोकांसाठी जेमतेम एक चौरस मैल जागा राखून ठेवली. त्याच वर्षी माणसं हॉप्सच्या (बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या) तोडणीला लांब गेलेली असताना जमिनीवर हक्क सांगणाऱ्या एका गोऱ्यानं गावाला आग लावली. २६ घरं जळाली. त्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची कोरीव कामं, टोपल्या, विधींच्या वस्तूही गेल्या. हे वाचून त्या पुळणीवर उभं राहणं मला जड गेलं.

आता भीती समुद्राची आहे. त्सुनामी आली तर कुठे पळायचं, हे सांगणाऱ्या निळ्या पाट्या रस्त्याला आहेत. जानेवारी १७०० मध्ये या किनाऱ्यासमोर प्रचंड भूकंप झाला होता. त्याच्या लाटांची नोंद थेट जपानच्या दप्तरांत सापडते. आणि गावची शाळा तर पुळणीला लागूनच होती! वर सरकायचं तर जागा कुठली? समुद्राची बाजू सोडली तर भोवती सरकारी मालकीचं ऑलिम्पिक नॅशनल पार्क. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये ओबामांनी कायद्यावर सही केली आणि पार्कमधली ७८५ एकर जमीन क्विल्यूटांकडे आली. जमिनी सरकारकडे गेल्या त्या १८५५च्या कराराआधी हे सगळं रान त्यांचंच होतं. मी तरी याला देणगी मानत नाही. त्यांनी सर्वात आधी मुलांना वर नेलं. टेकडीवरची नवी शाळा २०२२ मध्ये सुरू झाली.

या व्यवहारात त्यांनी सेकंड बीचकडे जाणारी, त्यांच्या हद्दीतली पायवाट सर्वांसाठी खुली ठेवायचं मान्य केलं. स्प्रूसच्या गर्द झाडीतून आम्ही त्याच वाटेनं खाली उतरलो. तुम्ही गेलात तर माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुक्काम करायचा तर जमातीच्याच ओशनसाइड रिसॉर्टमध्ये करा. पैसा गावातच राहतो.