गवतासाठी ओलांडलेला डोंगर

प्रवासावरचा तुमचा आवडता सिनेमा कोणता, असं कुणी ना कुणी विचारतंच. मी ‘ग्रास’ म्हणते, आणि बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९२५ सालचा मूकपट. इंग्रजी नावाचा अर्थ गवत. मराठीत ग्रास म्हणजे घास, आणि मला तो अर्थही इथे खरा वाटतो. इराणच्या नैर्ऋत्येला बख्तियारी नावाचे पशुपालक राहतात. सखल भागातला चारा संपला की ते झाग्रोस पर्वत ओलांडून पलीकडच्या कुरणांकडे निघत. मेरियन कूपर, अर्नेस्ट शोडसॅक आणि मार्गरिट हॅरिसन हे तिघे अमेरिकी १९२४मध्ये त्यांच्याबरोबर चालले. (पुढे १९३३मध्ये ‘किंग काँग’ काढणारे कूपर आणि शोडसॅक ते हेच.) पन्नास हजार माणसं, पाच लाख जनावरं, असं सिनेमा सांगतो.

वाटेत कारून नदी. पूल नाही, होडी नाही. बकऱ्यांची कातडी फुंकून फुगवायची, काठ्यांखाली बांधायची, की झाला तराफा. त्यावर बायका, पोरं, शेळ्या. गुरं-घोडी मात्र पाण्यात लोटायची आणि फुगवलेल्या कातड्यावर पोट टेकून पुरुषांनी त्यांच्या कडेने पोहायचं. बर्फ वितळून आलेलं पाणी, जागोजागी भोवरे. काही जनावरं बघता बघता दिसेनाशी होतात. हे दिवसचे दिवस चालतं. मी प्रत्येक वेळी इथे श्वास धरून बसते.

मग झर्द कूह, चार हजार मीटरहून उंच. कापडी जोडे बर्फात कुचकामी, म्हणून माणसं अनवाणीच चढतात. पुढचे फावड्यांनी बर्फ फोडून नागमोडी वाट काढतात आणि मागून अख्खं बिऱ्हाड चढतं. एका बाईच्या पाठीवर लाकडी पाळणा आहे.

सुरुवातीचा तुर्कस्तानातला भाग रेंगाळतो, मधल्या पाट्याही भडक आहेत. तेवढं सोसा. साहसपटातला नायक जिवावर उदार होऊन निघतो. इथे कुणालाच जीव द्यायचा नाही, जनावरं जगवायची आहेत.

शेवटी एक कागद दाखवतात: या वाटेने झर्द कूह ओलांडणारे हे पहिले परदेशी, असा दाखला. मला तेव्हा ती पाळणावाली बाईच दिसत असते. थंडी पडली की तिला हाच डोंगर ओलांडून परत यायचं होतं.