आईचा हयातीचा दाखला आणि आधारचे कुलूप

वडील टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आई ८२ वर्षांची आहे. ऐंशी ओलांडलेल्यांना हा दाखला नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो. तरीही बँकेचा जिना तिला आता झेपत नाही आणि झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेईलच याची खात्री नसते. त्यामुळे मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देण्याची जी सोय २०२१ पासून झाली आहे, ती आमच्या दृष्टीने मोठीच म्हणावी लागेल. अडचण एवढीच होती की आईच्या आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे ठसे, बुबुळ आणि चेहरा यांवरून होणारी ओळख, मी पूर्वीच कुलूपबंद करून ठेवले होते.

त्यालाही कारण होते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्या भांडवलावर ‘एईपीएस’ या आधारवर चालणाऱ्या बँक व्यवस्थेतून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम काढता येते. त्याला ना कार्ड लागते, ना ओटीपी. गावाकडची जमीन विकताना आईने खरेदीखतावर अंगठे उठवले होते आणि सोबत आधारची छायाप्रतही जोडली होती. अशाच दस्तांवरून नकली ठसे तयार करून लोकांची खाती रिकामी केल्याच्या बेंगळुरूमधील बातम्या २०२३ मध्ये वाचल्यावर मी हे कुलूप लावले होते.

कुलूप असेपर्यंत ठसा, बुबुळ आणि चेहरा यांपैकी काहीच चालत नाही. प्रयत्न केल्यास ३३० क्रमांकाची त्रुटी दिसते. म्हणून आधी ‘एमआधार’ ॲपमधून आईचे बायोमेट्रिक तात्पुरते उघडले. काही मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होते, त्यामुळे निवृत्तिवेतन आदेशाचा, म्हणजे पीपीओचा क्रमांक आणि बँकेचे पासबुक आधीच समोर मांडून बसलो. दाखल्यासाठीचे ‘जीवन प्रमाण’ आणि चेहरा टिपणारे ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप प्ले स्टोअरवरूनच घेतली होती, कारण याच हंगामात ‘तुमची पेन्शन थांबली आहे’ असे सांगून पीपीओ क्रमांक आणि ओटीपी विचारणारे, नाहीतर व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी, फाइल पाठवणारे भामटे वृद्धांना फोन करत असतात. आईला तसा फोन येऊन गेला होता. ‘माझा मुलगा आल्यावर बोला’ असे सांगून तिने तो ठेवून दिला, हे मला दुसऱ्या दिवशी बोलण्याच्या ओघात कळले.

ॲपमध्ये आधी माझी, दाखला काढून देणारा म्हणून, ओळख पटवावी लागली. माझा चेहराही त्यात टिपला गेला. मग आईची माहिती भरताना पुनर्विवाह झाला आहे का, हा प्रश्न आला. तो मी मोठ्याने वाचल्यावर आई म्हणाली, “नाही म्हणून लिही, आणि काय पुरावा हवा असेल तर विचार त्यांना.” खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवल्यावर प्रकाश मागून येत होता, त्यामुळे चेहरा काही पकडला जाईना, तिला भिंतीला पाठ लावून बसवले, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि काम झाले. लगेच दाखल्याच्या ‘प्रमाण’ क्रमांकाचा संदेश आला. एवढ्यावर निवांत होता येत नाही, कारण पीपीओ क्रमांक चुकला असेल तर बँक हा दाखला नाकारू शकते. म्हणून पुढे संकेतस्थळावर तो स्वीकारला गेल्याची खात्री केली.

आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपली ओळख कधी आणि कोणत्या प्रकारे पडताळली गेली याचा तपशील मिळतो. आईच्या नावावरचा तो तपशील मी अधूनमधून तपासतो. अनोळखी नोंद दिसली किंवा पैसे गेले, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

मावशीच्या बाबतीत मात्र हे कुलूप लावलेले नाही. तिला दरमहा रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा द्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी कुलूप उघडून द्यायला जवळ कोणी नसते. त्यामुळे तिच्या बचत खात्यात घरखर्चापुरतीच रक्कम ठेवून बाकीची मुदत ठेवीत वळवली आहे.