सबची घूं घूं गेली एकदाची! (आयसोलेटरचं रामायण)

मंडळी, गेली! मागच्या अपडेटमध्ये जिच्या नावानं मी बोटं मोडत होतो ती सबवूफरची (खोल बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) घूं घूं, पाऊस आला की वाढणारी, काल रात्री बंद झाली. आज खरंतर क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबकडे जातो ती) 80 हर्ट्झ ठेवायचा की 100 यावर लिहायचं होतं, पण ते राहू दे, आधी हे ऐका.

एव्हीआरचा (सगळं ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायर) व्हॉल्यूम शून्य केला तरी घूं तेवढीच, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढून कुठूनतरी घुसतेय हे नक्की होतं. फोनवर स्पेक्ट्रमचं ॲप लावलं तर 50 हर्ट्झवर सरळ काठी उभी. 100 वर असती तर सबच्या पॉवर सप्लायवर संशय घेतला असता, 50 म्हणजे मेन्स (घरातली वीज), म्हणजे बहुतेक ग्राउंड लूप (दोन जागी अर्थ झालं की वायरींतून गोल फिरणारा करंट). मग एकेक वायर काढत बसलो. स्ट्रीमिंग स्टिकची एचडीएमआय (चित्र-आवाजाची केबल) काढली, टीव्हीची काढली, फरक शून्य. सेटटॉप बॉक्सच्या मागची डिशची केबल पिळून काढली आणि एकदम चिडीचूप. परत लावली की घूं. काढली की गप्प. आई आतून ओरडली, सिरियल लागू दे की रे.

आता गंमत बघा. आमचा एव्हीआर दोन पिनांचा, टीव्ही दोन पिनांचा, बॉक्सचा अडॅप्टर पण दोन पिनांचा, अर्थिंग काय ते एकट्या सबला. आणि वर गच्चीवर डिश ठोकलीय पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला. म्हणजे स्टँड, केबलची जाळी (आतलं धातूचं आवरण), बॉक्स, एचडीएमआयची शील्ड, एव्हीआरची बॉडी, सबची आरसीए (आवाजाची वायर) आणि तिथून थ्री पिनमधून बिल्डिंगच्या अर्थिंगला, असा पूर्ण फेरा. केबलची जाळी आणि सॉकेटची अर्थ पिन यांच्यात मल्टीमीटर लावला तर एसी 2 व्होल्टच्या आसपास दाखवतोय. स्टँड भिजला की वरचा संपर्क पक्का होत असणार, म्हणून पावसात जोर जास्त.

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. एका दुकानात कोॲक्सचा (टीव्हीच्या गोल केबलचा) आयसोलेटर मिळाला, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन धातूचा संपर्क तोडणारा तुकडा, दुकानदार छातीठोक म्हणाला, साहेब डिशलाही चालतो. घरी येऊन लावला, घूं बंद... आणि चॅनल पण बंद, स्क्रीनवर सिग्नल नाही. चालणार कसा? डिशच्या एलएनबीला (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) 13 नाहीतर 18 व्होल्ट डीसी त्याच केबलमधून वर जातो, आयसोलेटर डीसी अडवतो, वर ह्याच्यावर छापलेली फ्रिक्वेन्सी केबल टीव्हीची आणि डिशचा सिग्नल खाली येतो 950 ते 2150 मेगाहर्ट्झमध्ये. केबलवाल्यांनी खुशाल घ्या, डिशवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नका. परत घ्यायला अर्थातच तयार नाही तो.

बाकीचे सल्ले पण ऐकून घेतले. इलेक्ट्रिशियन म्हणाला सबची अर्थ पिन काढून टाका. अजिबात नाही! मागे पूर्ण धातूची प्लेट आहे, आतून काही सुटलं तर हात लावणारा गेलाच. एका मित्रानं आरसीएत लावायचा ट्रान्सफॉर्मर सुचवला, पण स्वस्तातल्यांचा कोअर (आतला लोखंडी गाभा) खालच्या बेसला दम टाकतो, आणि 25-30 हर्ट्झसाठीच तर सब घेतलाय ना. ऑप्टिकलचाही (प्रकाशानं आवाज नेणारी केबल) विचार केला, पण मग बॉक्स एचडीएमआयनं टीव्हीला आणि टीव्ही एआरसीनं (एचडीएमआयमधूनच आवाज परत पाठवून) एव्हीआरला, म्हणजे लूप फिरून परत तिथंच.

शेवटी उपाय निघाला तो ग्राउंडिंग ब्लॉक. इवलासा धातूचा तुकडा, दोन्हीकडे एफ कनेक्टरची (डिशच्या केबलची पिळायची पिन) सॉकेटं आणि मधे अर्थिंगचा स्क्रू, डीसी आरामात पास होतो. केबल घरात शिरते तिथं तो बसवला आणि स्क्रूवरून जाड हिरवी वायर थेट सबच्याच बोर्डाच्या अर्थिंगला. आता तो करंट आरसीएतून जायच्याऐवजी वायरीतून परस्पर निघून जातो. सबच्या कोनला कान चिकटवला तर नुसतं बारीक सूं, तेही दिवाणावर बसल्यावर ऐकू येत नाही. आयसोलेटरच्या पैशात असले चार आले असते, जाऊ दे.

त्याच झटक्यात बॉक्सचं आउटपुट 60 वरून 1080पी 50 वर (सेकंदाला 50 चित्रं) टाकलं. आपल्याकडचं प्रसारण 50 चं, बॉक्स उगाच 60 करून पाठवत होता. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे पळतो तेव्हा जे बारीक हिसके बसायचे ते गेले. स्टिकला मॅच फ्रेम रेट चालू ठेवलाय, पिक्चर 24 वर जातात. एचडीएमआय केबल साधीच आहे, 18 जीबीपीएसचं सर्टिफिकेट असलेली, सोन्याचा मुलामा वगैरे नको मला.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की ब्लॉक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. स्टँडलाच नीट अर्थिंग पाहिजे, त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठावं लागणार आणि ते प्रकरण एचडीएमआयच्या हँडशेकपेक्षा (उपकरणांनी एकमेकांना ओळखण्यापेक्षा) अवघड. तोवर कडकडाट सुरू झाला की केबल काढून ठेवायची. क्रॉसओव्हर म्हणून पुढे ढकलला, आधी गच्ची. कुणी सोसायटीकडून टाकीच्या स्टँडची अर्थिंग करून घेतलीय का? पट्टी तांब्याची घातली की जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची), आणि खड्डा वेगळा खणला की मीटर रूमच्याच अर्थिंगला जोडली?