पाचशेतले हातात किती?

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांसाठी अ‍ॅप काढताय? द्राक्षाची पेटी विकलीत तर गूगलचं प्ले स्टोअर कमिशन घेत नाही. फवारणीच्या सल्ल्याची वर्गणी घेतलीत की १५ टक्के. ५०० रुपयांतले ७५ गेले. ग्राहकाने पर्यायी बिलिंग, म्हणजे गूगलऐवजी दुसऱ्या व्यवस्थेतून पैसे भरणं, निवडलं तर कमिशन ४ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे ५५. पण पैसे वळते करणाऱ्या पेमेंट गेटवेचे २ टक्के धरले तर आणखी १०. वाचले दहा रुपये! खरी गोम इथेच आहे.

स्वतःच्याच बिलिंगची सक्ती केल्यावरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. वरातीमागून घोडं. मार्च २०२४ च्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात मोठ्या कंपन्यांना गैरवापर होण्याआधीच वेसण घालण्याची तरतूद होती: स्टोअरबाहेरची अ‍ॅप्स टाकू द्या, ‘वेबसाइटवर स्वस्त मिळेल’ हे ग्राहकाला सांगू द्या.