तोंड बांधलेल्या माणसाची ओळ

शिकागो खटल्यावरचा सिनेमा मराठी सबटाइटलसाठी हातात आला, तेव्हा पहिलाच अडथळा लागला तो 'तू' की 'तुम्ही' हा. इंग्रजीला ती भानगडच नाही. इथे मात्र न्यायाधीश ज्युलियस हॉफमन आरोपी बॉबी सीलशी कसे बोलतात, हे प्रत्येक वाक्यात मलाच ठरवायचं होतं.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. ऑगस्ट १९६८ मध्ये अमेरिकेत शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात खटला उभा राहिला तो आठ निदर्शकांवर. दंगल माजवण्याच्या हेतूने राज्याच्या सीमा ओलांडल्या आणि तसा कट केला, हे आरोप. त्यांतला सील हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा नेता. शिकागोत येऊन त्याने दोन भाषणं केली होती, एवढंच.

पहिल्या खर्ड्यात मी न्यायाधीशांच्या तोंडी सरळ 'तू' घातलं. माणूस खवचट, आवाज करडा, 'तू' शोभतच होतं. सवयीप्रमाणे नंतर मूळ खटल्यातले उतारे वाचायला घेतले आणि थबकलो. तिथे 'मिस्टर सील' आहे. सीलचा वकील शस्त्रक्रियेमुळे येऊ शकत नव्हता. खटला पुढे ढकलायची विनंती फेटाळली गेली. मग 'माझी बाजू मीच मांडतो' हेही नाकारलं गेलं. आणि हे सगळं 'मिस्टर' लावून. सील न्यायाधीशांना वंशवादी, फॅसिस्ट आणि डुक्कर म्हणाला (त्या काळी 'डुक्कर' ही पोलिसांसाठीची ठरलेली शिवी). २९ ऑक्टोबर १९६९ ला कोर्टाचे मार्शल त्याला आत घेऊन गेले आणि खुर्चीला जखडून, तोंडात बोळा कोंबून परत घेऊन आले. ज्यूरीसमोर.

मी सगळे 'तू' काढले. 'तुम्ही खाली बसा, मिस्टर सील.' आता वाचताना अंगावर काटा यायला लागला.

सिनेमात हा प्रसंग लवकर आटोपतो. प्रत्यक्षात सील काही दिवस त्याच अवस्थेत कोर्टात बसत होता. बोळ्यातूनही आवाज फुटतो म्हणून बांधणी आणखी घट्ट केली गेली. ५ नोव्हेंबरला त्याचा खटला वेगळा काढला आणि अवमानाचे सोळा प्रकार, प्रत्येकी तीन महिने, असा चार वर्षांचा तुरुंगवास सुनावला. आठाचे सात झाले ते असे. खटला असा मध्येच मोडण्याला इंग्रजीत एक शब्द आहे, 'मिसट्रायल'. मला 'खटला रद्दबातल' वर भागवावं लागलं, कारण आपल्याकडे ज्यूरीच उरलेली नाही, तिथे तो शब्द कुठून रुळणार? 'हरकत फेटाळली' मात्र फुकट मिळालं. ती मराठी मालिकांची कृपा.

माझे त्या दिवसाचे खरे तास गेले ते बोळ्यावर. पडद्यावर सीलच्या घशातून काहीतरी येतं. शब्द नाहीत, पण नुसता आवाजही नाही. नियमाप्रमाणे कंसात 'अस्पष्ट आवाज' लिहायचं. लिहिलं. पुसलं. मग अंदाजाने 'मला माझा वकील हवाय' टाकलं. वाक्य खरंच, मागणी तीच होती. पण सबटाइटलमध्ये ते स्वच्छ, ठसठशीत वाचता येत होतं. म्हणजे कोर्टाने बांधलेलं तोंड मी खालच्या पट्टीत सोडून दिलं होतं. ज्यूरीला जे ऐकू आलं नाही, ते प्रेक्षकाला आयतं मिळत होतं. पुसलं.

जागा रिकामी ठेवून फाइल पाठवली. तपासणाऱ्याकडून तासाभरात परत आली, लाल शेऱ्यासह: 'इथे ओळ राहिली आहे.'

'राहिलेली नाही,' असं कळवून तशीच पुन्हा पाठवली. पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्याला फोनच केला आणि म्हटलं, हेडफोन काढ, आवाज बंद कर आणि नुसता प्रसंग बघ. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"बरं," तो म्हणाला, "पण पुढच्या प्रसंगात दोन्ही हॉफमनांची गल्लत होतेय, ते बघ."

होतच होती. न्यायाधीश हॉफमन आणि आरोपी ॲबी हॉफमन, एकाच आडनावाचे. तिथे 'तो' आणि 'ते' कामी आले.