पदरमोड करून काढलेली पुस्तकं कशी शोधावीत, कशी पारखावीत

मराठीत लेखकाने स्वतःच्या खर्चाने काढलेली पुस्तकं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत. ती चटकन ओळखू येत नाहीत, एवढंच. मुखपृष्ठावर खाली 'अमुक प्रकाशन' असं छापलेलं असतंच. ते प्रकाशन कधी लेखकाच्या मुलीच्या नावाचं असतं आणि त्याने आजवर काढलेलं हे एकमेव पुस्तक असतं. कधी नाव बऱ्यापैकी ओळखीचं असतं, पण आतला व्यवहार असा की छपाईचा खर्च लेखकाचा, ठरलेल्या प्रती लेखकाच्या घरी आणि विक्रीचं लेखकानेच बघायचं. कवितासंग्रहांच्या बाबतीत तर हा जवळजवळ शिरस्ताच झालाय. त्यामुळे मोठा प्रकाशक म्हणजे दर्जा आणि स्वप्रकाशित म्हणजे हौस, ही वाटणी मराठीत कधी धड लागू पडली नाही. कवी अरुण कोलटकरांचा संग्रह 'भिजकी वही' अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनासारख्या छोट्या घरातून २००३ साली आला आणि त्याला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पैसे कोणी घातले याच्याशी वाचकाला फारसं देणंघेणं नसावं. हस्तलिखित छापखान्यात जाण्याआधी लेखकाखेरीज कोणी ते वाचलं होतं का, हे मात्र जरूर बघावं. त्याचं उत्तर पुस्तकातच असतं, शीर्षकपानाच्या पाठीमागे.

त्या श्रेयपृष्ठावर काय बघायचं? 'अक्षरजुळणी', 'मुखपृष्ठ' आणि 'मुद्रक' ही तीन नावं बहुतेक पुस्तकांत सापडतात. चौथं नाव 'मुद्रितशोधन' (छपाईआधी चुका तपासणं) किंवा 'संपादन साहाय्य' असं असेल, तर ते पुस्तक उचलायला हरकत नाही. स्वतःचे पैसे घालणारा माणूस खर्च कमी करताना पहिली काट मुद्रितशोधकावर मारतो, कारण तो खर्च मुखपृष्ठासारखा डोळ्यांना दिसत नाही. ज्याने तो केला, त्याने बाकीचंही मनावर घेतलेलं असतं. त्यानंतर प्रकाशकाचा पत्ता बघा. प्रकाशकाचा पत्ता आणि लेखकाचा पत्ता एकच असेल तर ते प्रामाणिक स्वप्रकाशन आहे. त्यात कमीपणा काही नाही, उलट पुस्तक कोणाकडे मागायचं ते लगेच कळतं. 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून' अशी ओळ असेल, तर हस्तलिखित निदान एकदा परक्या डोळ्यांखालून गेलंय. आणि 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून दिवाळी अंकांची नावं दिली असतील, तर कथा-लेखांचा तेवढा भाग कुठल्यातरी संपादकाने निवडलेला होता. या शेवटच्या खुणेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

आयएसबीएनने, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाने, मात्र भुलून जाऊ नका. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, व्यक्तीलाही मिळतो, आणि त्याचा मजकुराच्या दर्जाशी संबंध नाही. काही जाहिरातींत तो सरकारी मान्यतेसारखा मिरवला जातो, त्याकडे दुर्लक्ष करावं. त्याचा उपयोग शोधण्यापुरता. ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होणारा क्रमांक भारतातला, ९७९-८ने सुरू होणारा अमेरिकेतल्या नोंदणीचा. असा अमेरिकी क्रमांक असलेलं मराठी पुस्तक बहुधा मागणीनुसार (मागणी आली की तेवढ्याच प्रती) छपाई करणाऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेतून आलेलं असतं. म्हणजे ते दुकानात शोधत बसू नये, ऑनलाइनच मागवावं.

आता मजकूर. पहिलं पान वाचून निर्णय घेऊ नका, ते सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात. पुस्तकाच्या मध्यावरचं, शक्यतो संवाद असलेलं पान उघडा आणि दोन गोष्टी बघा. पहिली शुद्धलेखनाची. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम सगळे पाठ असायची गरज नाही, चार शब्द पुरतात: 'आणि' ऱ्हस्व आहे का, 'मूल'चं 'मुलाला' झालंय का, 'गरीब'चं 'गरिबाला' झालंय का, 'फूल'चं 'फुलं' झालंय का. एकाच पानावर 'आणी', 'मूलाला', 'गरीबाला' असं दोन-तीनदा दिसलं तर पुस्तक कोणी तपासलेलं नाही. पण हे निवेदनाच्या भाषेत बघा. पात्रांच्या तोंडी अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली असेल तर तिथे हे नियम लावणं हा वाचकाचा अडाणीपणा होईल. दुसरी गोष्ट म्हणजे पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेली माहिती सांगतायत का. 'तुला तर ठाऊकच आहे, आपले बाबा १९८५ साली गिरणी सोडून गावी आले' अशी वाक्यं म्हणजे संपादकाचा हात लागलेला नाही याची पक्की खूण. शुद्धलेखन ढिलं पण संवाद जिवंत, असं पुस्तक मी घेईन. उलट असेल तर नाही.

किमतीचंही एक गणित आहे. ९६ पानांचा संग्रह आणि किंमत दोन-अडीचशे रुपये, हे बघून लेखक लोभी आहे असं वाटतं. पण मराठी पुस्तकांचा मोठा गिऱ्हाईक सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांना घसघशीत सूट द्यावी लागते, आणि ती सूट धरूनच किंमत छापली जाते. शिवाय पाचशे प्रतींची आवृत्ती हजारांच्या आवृत्तीपेक्षा दर प्रतीमागे महाग पडते, आणि मागणीनुसार एकेक छापलेली प्रत तर त्याहून महाग. म्हणून छापील किमतीवर जाऊ नका, लेखकाला थेट विचारा. बहुतेक जण सवलत आपणहून देतात.

शोधायचं कुठे, हे विषयावर ठरतं. काही विषयांत स्वप्रकाशित पुस्तकांना पर्यायच नाही. नर्मदा परिक्रमेची अनुभवकथनं, एखाद्या गावाचा किंवा देवस्थानाचा इतिहास, बोलीभाषांतलं लेखन, गझल, निवृत्त शिक्षकांची आणि कारकुनांची आत्मचरित्रं, आणि अर्थातच कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याचा इतिहास. कुलवृत्तांत हा मराठीतला सगळ्यात चिवट स्वप्रकाशित प्रकार म्हणायला हवा: कुलमंडळ वर्गणी काढतं, मोजक्या प्रती छापतं, त्या सभासदांत वाटल्या जातात आणि दुकानात एकही पोचत नाही. त्यातली वंशावळ तुमच्या कामाची नसेलही, पण स्थलांतरं, इनामं, वाड्यांचे नकाशे, जुनी पत्रं असा ऐवज दुसरीकडे मिळत नाही. असलं काही हवं असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) इथल्या सूची आधी बघाव्यात. १९५०पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहेच. तिचा पहिला खंड १८००–१९३७चा, दुसरा १९३८–१९५०चा, आणि त्यांत लेखकांनी स्वतः काढलेली पुस्तकंही नोंदलेली आहेत.

नव्या पुस्तकांची अडचण वेगळी. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतःच प्रकाशक झालेल्या लेखकांना बहुधा हे कोणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे अधिकृत सूचीत पुस्तक नाही म्हणजे ते निघालंच नाही, असं समजू नये. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मोठ्या गाळ्यांमागच्या शेवटच्या रांगा, जिल्हा पातळीवरची ग्रंथोत्सवाची टेबलं, बोलीभाषांची छोटी संमेलनं, आणि पुण्यात डिसेंबरमध्ये भरणारा पुस्तक महोत्सव, ही खरी ठिकाणं. दिवाळी अंकातली एखादी कथा आवडली तर लेखकाचं नाव टिपून ठेवा. बऱ्याच अंकांत लेखाखाली लेखकाचा फोन किंवा ईमेल दिलेला असतो, आणि 'तुमचं पुस्तक आहे का?' या प्रश्नाला उत्तर आलं नाही असं फार क्वचित घडतं.

डिजिटल बाजूला किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी २०१६च्या अखेरीस आली. तिथल्या मोफत नमुन्यात साधारण पहिला दहावा हिस्सा मिळतो, म्हणजे दोनशे पानांत वीस पानं. आपल्याकडे त्यातली अर्धी अर्पणपत्रिका, दोन प्रस्तावना, मनोगत आणि आभार यांत जातात आणि कादंबरीची जेमतेम सुरुवात हाती लागते. अशा वेळी बुकगंगा या संकेतस्थळावर तेच पुस्तक आहे का बघावं, तिथे चाळायला पानं दिलेली असतात. एखादं ई-पुस्तक किंडलवर आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही, याचंही कारण साधं आहे. किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत पुस्तक ठेवायचं तर लेखकाला नव्वद दिवसांची अट मान्य करावी लागते, त्या काळात ते ई-रूपात इतरत्र विकता येत नाही. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधनही त्याच अटीवर मिळतं. त्या नव्वद दिवसांत लेखक पाच दिवस पुस्तक फुकट देऊ शकतो, म्हणून आवडत्या लेखकांच्या समाजमाध्यमांवर नजर ठेवली तर ते दिवस हाती लागतात. अनलिमिटेडवर लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. पुस्तक उतरवून तसंच ठेवलं तर त्याला काही मिळत नाही.

ई-पुस्तकात मजकुराची मोडतोड बघायला मिळते, ती बहुतेक वेळा लेखकाची चूक नसते. अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकात (फॉन्टमध्ये) झालेली असते आणि मग ती युनिकोड या सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या पद्धतीत रूपांतरित करतात. त्यात आधी बळी जातो तो अर्धा 'ऱ': 'दऱ्या'चं 'दर्या', 'तऱ्हा'चं 'तर्हा'. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. आणि फाइलची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसली की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. शेवटचा दोष फक्त दिसण्याचा आहे, वाचकाने टंक बदलून पाहावा. बाकीचे दर पानावर असतील तर छापील प्रत मागवा.

प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या मंचावर भयकथा, रहस्य, कौटुंबिक मालिका यांचा पूर आहे. तिथलं लेखन भागाभागांत येतं, प्रत्येक भागाच्या शेवटी ताण ठेवावा लागतो, म्हणून सलग वाचताना तेच ते वाटतं. रोज एक-दोन भाग, याच गतीने ते वाचावं. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात आणि मोफत असतात. नवा लेखक चाचपून बघायला यापेक्षा स्वस्त मार्ग नाही, मात्र पीडीएफ असल्याने छोट्या फोनपेक्षा टॅबवर वाचलेलं बरं.

लेखकाकडून थेट मागवताना टपालाचा खर्च आधी विचारून घ्या. मे २०२५पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू आहे: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची), सत्तर जीएसएम (दर चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावरचं १६० पानी पुस्तक साधारण एकशे नव्वद ग्रॅम भरतं, म्हणजे पाकिटासकट पहिल्याच टप्प्यात बसतं. अडीचशे पानांच्या पुढे गेलं की पाकीट धरून वजन तीनशेच्या वर जातं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, ही या सेवेची अट आहे. श्रेयपृष्ठ रिकामं असेल तर खिडकीवर अडवणूक होऊ शकते. पाकीट जमिनीवरून जातं, त्यामुळे लागतील ते दिवस धीर धरावा.

प्रत आली की लगेच मधोमध उघडून दाबू नका. ही पुस्तकं बहुधा शिलाई न करता नुसत्या डिंकाने बांधलेली असतात, आणि कण्यावरचा डिंक एकदा तडकला की पानं झडत जातात. पुस्तक कण्यावर उभं धरा, पुढून दहा-बारा पानं आणि मागून दहा-बारा पानं असं आलटूनपालटून हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. तरीही पुस्तक उघडं राहत नसेल आणि पावसाळ्यात पानांना लाटा येत असतील, तर छापताना कागदाचे तंतू कण्याला समांतर न ठेवता आडवे ठेवलेत. त्याला वाचकाकडे इलाज नाही.

ऑनलाइन अभिप्राय वाचताना पुस्तक निघाल्याच्या आठवड्यातले पंचतारांकित अभिप्राय वगळा, ते नातेवाइकांचे आणि कट्ट्यावरच्या मित्रांचे असतात, असायलाही हवेत. तीन तारे देऊन कारण लिहिणारा एखादा सापडला तर तो नीट वाचा. स्वतः लिहाल तेव्हा 'अप्रतिम' पुरेसं नाही. कुठलं प्रकरण चढलं, कुठे रेंगाळलं, कोणाला आवडेल, एवढं चार ओळींत सांगता येतं. चुका मात्र जाहीर न लिहिता पान आणि ओळ टाकून लेखकालाच कळवाव्यात. ई-पुस्तक आणि मागणीनुसार छपाई असेल तर तो दुरुस्त फाइल चढवतो आणि पुढची प्रत सुधारून येते. पाचशे प्रती एकदम छापून घरी रचल्या असतील, तर त्याला फार तर शुद्धिपत्राची चिठ्ठी आत सरकवता येते.