आईच्या पेन्शनमधली राहून गेलेली जन्मतारीख

फेब्रुवारी 2024 मध्ये आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचं बिल बरंचसं मेडिक्लेममधून गेलं. अकराव्या दिवशी तिला घरी आणलं आणि खरा खर्च तिथून सुरू झाला. आई पुन्हा उभी राहिलीच नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, भरवणं, रात्रीचं जागरण. यातल्या कशालाही मेडिक्लेम पैसे देत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं संरक्षण मिळालं, पण तेही दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. घरच्या शुश्रूषेचे पैसे घरातूनच उभे करायचे.

आमचा हिशेब असा होता. ब्युरोकडून आलेल्या चोवीस तासांच्या मावशी दिवसाला 900 प्रमाणे 27,000. डायपर 4,000, फिजिओ 4,800, औषधं 3,500, भाड्याची कॉट आणि एअर बेड 2,500. म्हणजे महिन्याला 41,800. जमेला बाबांच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन, मूळ 14,200, महागाई भत्ता धरून 21,300. आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आईचे नऊ लाख होते, त्याचं 8.2 टक्क्यांनी महिन्याकाठी 6,150 व्याज. उरलेले चौदा हजार दादा आणि मी निम्मे निम्मे घालायचो.

पण पेन्शन आणि व्याज दोन्ही जमा व्हायचं ते एकट्या आईच्या नावच्या खात्यात आणि तिचा उजवा हात थरथरत होता. सही जुळेना, म्हणून चेक परत आला. बँकेच्या शाखेत विचारल्यावर कळलं की सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. एक मॅडम शनिवारी घरी आल्या. त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं तशी आईने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "मला सही येते." चौथीपर्यंत शिकलेली आई, आयुष्यभर प्रत्येक कागदावर वळणदार सही करत आली होती. मॅडम घाई न करता पलंगाच्या कडेला बसल्या. "काकू, येते हो. हात बरा झाला की परत सहीच घेऊ," म्हणाल्या. मग आईने डावा अंगठा पुढे केला. हे आई शुद्धीत आणि समजून-उमजून असताना झालं म्हणून झालं. माणसाचं भान गेलं की मुखत्यारपत्रसुद्धा उपयोगाचं राहत नाही, थेट हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यायची पाळी येते.

पासबुक तपासताना दुसरी गोष्ट लक्षात आली. बाबा टपाल खात्यात होते. केंद्राच्या नियमाप्रमाणे ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, फॅमिली पेन्शनलासुद्धा. पंच्याऐंशीला ती 30 टक्के होते. आईला जानेवारी 2023 मध्ये ऐंशी पूर्ण झाली होती, वाढ मात्र लागलीच नव्हती. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघितला, तर आईच्या जन्मतारखेची जागा कोरी!

बँकेने शाळेचा दाखला मागितला. भावाने गावी जाऊन आणला, पण त्यावर माहेरचं नाव. अर्ज परत. मग लग्नाचा पुरावा मागितला. 1962 सालच्या लग्नाचा कसला पुरावा असणार? शेवटी पेन्शन विभागाचं परिपत्रक शोधून त्याची प्रत जोडली. त्यात जन्मतारखेसाठी पॅन कार्ड चालतं असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि आईचं पॅन घरातच होतं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला मी एकदाही चुकले नाही. तिसऱ्या खेपेला त्या पोचेवरच काम झालं.

जुलैमध्ये अठरा महिन्यांची थकबाकी आली, 74 हजारांच्या वर. दरमहा 4,260 वाढले आणि आमचा वाटा पाच-पाच हजारांवर आला. आईला सांगितलं तर म्हणाली, "यांचेच ना ते?" हो म्हटलं. त्यातून आधी भाड्याचा एअर बेड परत करून नवा घेतला, कारण जुन्याची हवा पहाटे पहाटे उतरायची आणि पाठ लाल व्हायची.